मधला फटका

"जो समाज आपला खेळ जपतो, त्याला काळसुद्धा हरवू शकत नाही," असं प्रमुख पाहुण्यांनी ठणकावून सांगितलं आणि फीत कापायला हात पुढे केला. हातात कात्री पडेना. तबक होतं, तबकावर मखमल होती, मखमलीला कात्रीच्या आकाराचा खळगा होता. कात्री तेवढी नव्हती. शोधाशोध झाली तेव्हा ती खिडकीच्या काचेतून आत दिसली. जुन्या हॉलचं उद्घाटन याच कात्रीनं झालं होतं, म्हणून कुणा उत्साही कर्मचाऱ्यानं तिला क्रमांक देऊन, खाली माहितीची पट्टी लावून, कपाटात बंद करून टाकलं होतं. आता कात्री हवी तर आत जायला हवं, आणि पाहुण्यांच्या आधी आत जायचं तर शिष्टाचार आडवा येत होता. शेवटी पाहुण्यांनी फितीची गाठ नखांनी सोडवली. गाठ सैन्यातल्या माणसानं मारली असावी. टाळ्या वाजवणाऱ्यांना मधे दोनदा थांबून पुन्हा सुरुवात करावी लागली.

अशा रीतीनं टेबल टेनिसचं संग्रहालय लोकांना खुलं झालं.

पहिल्या रांगेत फिरकीराव बसले होते. तरुणपणी ते नुसते 'फिरकी' होते आणि त्यांचा दुहेरीतला जोडीदार नुसता 'तोफ' होता. पुढे दोघांची पोटं सुटली, केस गेले आणि लोकांनी भरपाई म्हणून नावापुढे 'राव' लावला. एकाची सर्व्हिस टप्पा पडल्यावर कुठे वळेल हे खुद्द चेंडूला माहीत नसे. दुसऱ्याचा फटका बसला की चेंडू शोधायला माणूस पाठवावा लागे. दोघांनी मिळून एकदा राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं होतं. नंतर फिरकीरावांच्या मुलीनं तोफरावांच्या मुलाशी लग्न केलं आणि जोडीदार होते ते व्याही झाले. तेव्हापासून दोघं चारचौघांत एकमेकांना 'अहो व्याहीबुवा' म्हणत आणि कुणी नसलं की 'अरे गधड्या'.

तोफराव व्यासपीठावर होते. फिरकीराव खाली होते. याचं त्यांना काही वाटलं नाही. व्यासपीठावरच्या खुर्च्यांना हात नसतात आणि त्यांच्या गुडघ्यांना उठताना हात लागत.

"आपलं काय ठेवलंय आत?" बायकोनं विचारलं.

"काय ते आता बघायचंच. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं तेव्हा संग्रहालयाच्या बाई माहिती घेऊन गेल्या. व्याही म्हणाले, दोघांच्या वतीनं मीच सांगतो."

"दोघांच्या वतीनं," बायको म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही. तिचं न बोलणं हे नेहमी लिहून ठेवण्यासारखं असे.

आतलं पहिलं दालन बॅटींचं होतं. नुसत्या लाकडाच्या, बुचाच्या, खरबरीत रबराच्या, स्पंजाच्या. एका बॅटीच्या मुठीला घामानं पडलेली बोटांची वळणं तशीच होती, आणि ते पाहून फिरकीरावांना बरं वाटलं. खेळ संपतो, खेळाडू संपतो, पण त्यानं मूठ कशी धरली होती हे राहतं. अशा कामासाठी कुणी इमारत बांधली तर वाईट नाही. दुसऱ्या दालनात गर्दी होती. गर्दीतून मधेच हसू फुटत होतं. चेष्टेचं नव्हे, गोंडस काहीतरी पाहिल्यावर येतं तसलं.

तिथे एक खरं टेबल होतं आणि त्याच्या पाठीशी भिंतभर चित्र. टेबलाचा पृष्ठभाग काचेचा होता. खाली बारीक दिवे बसवले होते. कडेला बटण, आणि वर पाटी: 'तो अजरामर शेवटचा पॉइंट'. बटण दाबलं की दिवे एकामागून एक पेटत आणि चेंडू कसा गेला ते दिसे. तोफरावांचे फटके लाल, फिरकीरावांचे निळे, समोरच्यांचे पांढरे.

कुणीतरी त्यांना ओळखलं. "अहो, हेच ते. जागा द्या, जागा द्या." लोक बाजूला झाले. फिरकीरावांनी संकोचत बटण दाबलं.

लाल रेघ सळकन गेली. पांढरी परत आली. मग निळी निघाली. ती निघाली म्हणण्यापेक्षा घरंगळली. वेडीवाकडी वर चढली, जाळीच्या पट्टीवर येऊन थबकली, आता इकडे पडते की तिकडे असा विचार करत थरथरली आणि पलीकडे टपकन पडली. लोक हसले. मग एक पांढरी रेघ उंच आली आणि शेवटची लाल रेघ अशी कडाडली की टेबलच उजळून निघालं. त्याच वेळी वरच्या स्पीकरमधून तोफरावांचा आवाज आला, भरदार, जरासा गहिवरलेला: "मधला चेंडू जोडीदाराच्या बॅटला योगायोगानं लागला. त्यानं डोळे मिटले होते. बिचारा. पण दैव आमच्या बाजूनं होतं."

फिरकीरावांनी मान वर करून चित्र पाहिलं. तोफराव हवेत होते. दोन्ही पाय जमिनीपासून वर, केस मागे उडालेले, दंडावर कधीच नव्हते असे स्नायू. शेजारी फिरकीराव. अंगावर गांधीलमाशी आली की माणूस जसा तोंड फिरवतो तसं तोंड फिरवलेलं, बॅट छातीशी ढालीसारखी धरलेली आणि डोळे घट्ट, अगदी घट्ट मिटलेले.

"नशीब लागतं हो," मागून एक गृहस्थ त्यांच्या पाठीवर थोपटत म्हणाले. "आम्ही डोळे उघडे ठेवून आयुष्य काढलं, काही हाती लागलं नाही."

बायकोनं चित्र नीट निरखलं. "शर्ट तुमच्यासारखाच काढलाय," ती म्हणाली.

आता इथे दुहेरीचा एक नियम सांगायला हवा. जोडीतल्या दोघांनी चेंडू आळीपाळीनंच मारायचा. एकदा तू, एकदा मी. एकानंच लागोपाठ दोनदा मारला की पॉइंट समोरच्यांचा, मग तो फटका कितीही देखणा असो. म्हणून दुहेरीतला माणूस मारून झालं की लगेच बाजूला सरतो आणि जोडीदाराला जागा देतो. घरात हे जमत नाही म्हणून पुरुष दुहेरी खेळायला जातात, असं फिरकीरावांच्या बायकोचं मत होतं.

त्या शेवटच्या पॉइंटला तोफेनं सणसणीत मारलेला चेंडू समोरच्यांनी मोठ्या मुश्किलीनं उचलून उंच परत पाठवला. असा चेंडू एखाद्यालाच मिळतो, आणि तोही एकदाच. उंच, संथ, टेबलाच्या मधोमध, कुणी ताटात वाढून आणावा तसा. पाळी फिरकीची होती. सगळं आयुष्य वळणं देऊन, समोरच्याला फसवून तोफेसाठी चेंडू तयार करण्यात गेलं. आज चेंडू स्वतः मारायचा होता. त्यानं बॅट वर नेली. डोळे उघडे होते. इतके उघडे की चेंडूवरचा छापील शिक्का फिरताना दिसत होता. तेवढ्यात बरगडीत कोपर बसलं, तो बाजूला फेकला गेला आणि कानाजवळ तोफ उडाली.

पंचाचं सगळं लक्ष चेंडू टेबलाच्या कडेला लागला की नाही इकडे होतं. लागला होता. कुणी मारला हे पाहायचं राहून गेलं. लोक टेबलाकडे धावले.

कपडे बदलायच्या खोलीत समोरच्या जोडीतला एकजण टॉवेलनं मान पुसत म्हणाला, "शेवटचे दोन्ही फटके तुमचेच नव्हते ना हो?"

"नाही हो," तोफ म्हणाला. "मधला याचा."

तो दमलेला माणूस फिरकीकडे वळला. फिरकी बुटाची नाडी सोडत होता. 'हो' म्हणावं तर खोटं, 'नाही' म्हणावं तर कप गेला, दोघांचाही. तो नाडी सोडत राहिला. नाडी केव्हाच सुटली होती.

"असेल," तो माणूस म्हणाला आणि आंघोळीला गेला.

असा तो मधला फटका जन्माला आला. त्याला उत्तर म्हणून समोरच्यांचाही एक फटका लागत होता. तोही तोफेनं उदारपणे पुरवला. सुरुवातीला मधला फटका फार सुंदर होता, हे मान्य करायला हवं. "यानं असा काही वळवला की समोरच्याला उचलण्यावाचून गत्यंतर नव्हतं," असं तोफ सांगायचा, आणि ऐकताना फिरकीला वाटायचं, मारला असता तर खरंच असाच मारला असता. रेडिओवर मुलाखत झाली तेव्हा विचारलं, मधला तुमचा ना? फिरकी 'हो' म्हणाला.

पण तोंडी मालाचं वजन हळूहळू घटत जातं. मुलांच्या लग्नात तो फटका 'बरा' होता. नातवाच्या बारशाला 'कसाबसा' झाला. निवृत्तीच्या सत्कारात 'जाळीला लागून गेला'. प्रत्येक वेळी फिरकीराव शेजारी बसून मान हलवत. न मारलेल्या फटक्याबद्दल भांडायचं कसं, हे त्यांना कधी समजलं नाही. आणि बोलणं काय, हवेत विरून जातं, अशी ते मनाची समजूत घालत. आता ते विरायचं थांबलं होतं. खाली दिवे लावून, काच बसवून पक्कं झालं होतं.

जिन्याखाली चहाची सोय होती. तोफराव एका हातात कप आणि दुसऱ्या हातात बिस्किट धरून चाहत्यांत उभे होते.

"काय व्याहीबुवा, कसं वाटलं आमचं दालन?"

"जरा इकडे येता का?" फिरकीराव म्हणाले. जिन्याच्या मागे, झाडू ठेवतात त्या कोपऱ्यात आल्यावर 'अहो' गळून पडलं. "गधड्या, मी डोळे कधी मिटले होते?"

"हां, ते होय." तोफरावांनी बिस्किट बुडवलं. "अरे, गोष्टीला चढउतार लागतो. तू छान मारलास, मी छान मारला, यात ऐकण्यासारखं काय आहे? बाई म्हणाल्या, काहीतरी माणुसकीचं द्या. म्हणून उतार तुला दिला."

"मला दिलास म्हणजे?"

"लोकांना तू किती आवडलास बघ. माझ्याकडे बघून टाळ्या वाजवतात, तुझ्याकडे बघून हसतात. हसणं जास्त टिकतं."

"मला हसणं नको होतं."

"मग नशीब म्हणू नको, प्रसंगावधान म्हण. पाटीवर जागा असली तर बघतो."

"तोफ," फिरकीराव म्हणाले. कितीतरी वर्षांनी त्यांनी नुसतं 'तोफ' म्हटलं. "मी तो फटका मारलाच नव्हता."

तोफरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. कपात बिस्किट विरघळून खाली पडलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. "मारलाच नव्हतास म्हणजे? मग मारला कोणी?"

फिरकीरावांना आधी वाटलं, नाटक करतोय. पण दुहेरीतले जोडीदार टेबलाखाली बोटांनी खुणा करून बोलतात. एकमेकांचं अंग त्यांना पाठ असतं. तोफ खोटं बोलायला लागला की डाव्या कानाची पाळी ओढतो, हे पंच, संघटना, सून, व्याही यांपैकी एकट्या व्याह्यालाच माहीत होतं. कपडे बदलायच्या खोलीत त्यानं ती पाळी लाल होईपर्यंत ओढली होती. आता हात कानाकडे गेलाच नाही. एक हात कपाला होता, दुसरा खाली लोंबत होता, आणि डोळ्यांत निव्वळ काळजी होती.

म्हणजे याला खरंच आठवत नव्हतं. इतकी वर्षं सांगून सांगून याच्या डोक्यातून खरा पॉइंट निघून गेला होता आणि त्या जागी हा निळा, घरंगळणारा चेंडू जाऊन बसला होता. ज्यानं चोरी केली तोच विसरला, आणि ज्याची झाली तो एकटाच ती सांभाळत बसला होता. फिरकीरावांना बरगडीतलं ते कोपर पुन्हा जाणवलं. या वेळी जरा आत.

तोफरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "असं होतं रे या वयात. आमच्या आत्याचंही असंच सुरू झालं होतं. आधी छोट्या छोट्या गोष्टी. तू घाबरू नकोस. मी सूनबाईच्या कानावर घालतो."

सूनबाई म्हणजे फिरकीरावांची मुलगी.

"काही घालू नकोस कुणाच्या कानावर," फिरकीराव म्हणाले.

"बरं, बरं," तोफराव म्हणाले. वेड्याला म्हणतात तसं, दोनदा.

घरी येताना बायको शेजारून चालत होती. मग फिरकीरावांनी तिला सगळं सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हे सांगितलं नव्हतं. ती थांबली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"म्हणजे तो कप खोटा?"

"खोटा म्हणजे, अगदी खोटा नाही. शेवटचा एक पॉइंट."

"मी कप बघून तुम्हाला होकार दिला होता," ती म्हणाली. "आमच्याकडे दुसरं स्थळ पोस्टमास्तरचं होतं." थोडं चालून ती पुन्हा म्हणाली, "पण एक समजत नाही. तुम्ही तो फटका मारलाच नाहीत, तर त्याचं एवढं लागतंय कशाला?"

"कारण मी तो असा मारला नसता."

यावर तिनं मान डोलावली. स्वयंपाकाच्या बाबतीत तिला हे लगेच समजण्यासारखं होतं.

"मग सांगून टाका," ती म्हणाली. "कप गेला तर जाऊ दे. फडताळात जागा झालीच आहे. तसाही तो आता संग्रहालयाच्याच कपाटात आहे."

सकाळी फिरकीराव इस्त्रीचा शर्ट घालून संग्रहालयात गेले. वाटेत त्यांनी वाक्यं जुळवली होती. 'बाई, वारसा हा सत्यावर उभा असतो,' हे पहिलं. 'मी आज एक अजिंक्यपद परत करायला आलो आहे,' हे दुसरं. दुसरं म्हणताना घसा दाटून येईल असा त्यांचा अंदाज होता आणि त्यासाठी खिशात रुमाल होता.

संग्रहालयाच्या संचालक बाई कचेरीत होत्या. तरुण, उत्साही, हातात पांढरे सुती मोजे. जुन्या वस्तूंना घाम लागू नये म्हणून त्या मोजे घालत आणि काढायला विसरत. चहाचा कपही त्या पुराव्यासारखा दोन बोटांत धरत.

"या ना, सर. तुमच्याच दालनाचं चाललंय. आज पहिली शाळा येऊन गेली. शिक्षकांनी मुलांना काय छान सांगितलं, बघा, डोळे मिटले तरी यांनी बॅट सोडली नाही."

"त्याचसंबंधी बोलायचं होतं," फिरकीराव म्हणाले. "तो मधला फटका. त्याची खात्री करून घेतलीत का तुम्ही?"

"घेतली तर. आमचा नियमच आहे, दोन साक्षी जुळल्याशिवाय काही मांडायचं नाही. नाहीतर संग्रहालय आणि पानाची टपरी यात फरक काय? एक साक्ष तुमच्या व्याह्यांची."

"आणि दुसरी?"

"तुमची," बाई कौतुकानं म्हणाल्या आणि त्यांनी संगणकावर काहीतरी दाबलं. रेडिओची खरखर आली. 'मधला तुमचा ना?' असं कुणीतरी विचारलं, आणि एक तरुण, नाकातला, स्वतःवर खूश असलेला आवाज म्हणाला, 'हो.'

फिरकीराव त्या आवाजाकडे बघत राहिले. तोफेनं दगा दिला हे रात्रभरात पचायला लागलं होतं. हा दुसरा कोण होता ते ओळखायला त्यांना वेळ लागला.

"काही चुकलं असेल तर मोकळेपणानं सांगा," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. त्या कामाच्या सच्च्या होत्या. "आमचं कामच ते आहे. आम्ही संघटनेला कळवतो, संघटना निकाल तपासते, मग जे असेल ते. मागे एका जोडीनं वय लपवलं होतं. त्यांची ढाल काढली आम्ही कपाटातून, नावंही खोडली. वाईट वाटतं, पण खेळ माणसापेक्षा मोठा."

कचेरीच्या काचेतून पलीकडचं दालन दिसत होतं. कप मधोमध होता. झाडणाऱ्या बाई काच पुसत होत्या. पुसता पुसता वाकून त्यांनी कपावरची नावं वाचली. दोन नावं, शेजारी शेजारी, मधे एक छोटी रेघ. त्यांतल्या एकाला चोरी आठवत नव्हती. त्याला दूरध्वनी जाईल, आणि तो म्हणेल, व्याह्यांची तब्येत हल्ली बरी नसते. मग मुलगी येईल, बाबा, आज वार कुठला आहे, असं सहज विचारावं तसं विचारेल. आणि समजा कुणी विश्वास ठेवलाच, तर तो फटका पुसला जाईल आणि त्या जागी काहीच येणार नाही. फिरकीचा खरा फटका कधी झालाच नव्हता. निळ्या दिव्याला जायला जागाच नव्हती. इतकं खेळून शेवटी त्याच्या नावावर एवढीच एक खोटी, थरथरणारी रेघ होती.

"बाई," फिरकीराव म्हणाले आणि पहिलं वाक्य आठवू लागले. सत्यावर काय उभं असतं ते नेमकं आठवेना.

"बोला ना."

"ती निळी रेघ. जाळीवर जरा जास्त वेळ थांबते, नाही?"

"दिव्यांचं आता काही करता येणार नाही, सर. काच सीलबंद आहे." बाईंना खरंच वाईट वाटलं. "भिंतीवर काही असेल तर सांगा. रंगारी उद्या येणार आहे. दाराची चौकट राहिलीय त्याची."

फिरकीरावांनी खिशातला रुमाल काढला, चष्मा पुसला, रुमालाची नीट घडी करून परत ठेवली.

"मग त्याला तेवढे माझे डोळे उघडायला सांगता का?" ते म्हणाले. "दोन्ही जमत नसतील तर राहू द्या. लोक उभे राहतात त्या बाजूचा एक चालेल."